मला बोलता येतं, डॉक्टरसाहेब

डॉक्टर माझ्या नवऱ्याशी बोलत होते आणि मी एकदा यांच्या, एकदा त्यांच्या तोंडाकडे बघत होते. डॉक्टरांना मिशा होत्या. जाड, वरचा ओठ झाकणाऱ्या. मिशीवाल्या माणसाचं निम्मं बोलणं मला मिळतच नाही. त्यात ते मान खाली घालून कागदावर लिहिता लिहिता बोलत होते, म्हणजे राहिलेलं निम्मंही गेलं.

मी नऊ वर्षांची असताना मला मेंदूचा ताप आला होता. तेव्हापासून मला ऐकू येत नाही. तोवर शाळेत जात होते, लिहायला-वाचायला शिकले होते, बोलत तर होतेच. ताप उतरला, कान गेले, बोलणं राहिलं. पुढे माणसांचे ओठ वाचायला मी माझी मीच शिकले. पण ओठ वाचणं म्हणजे सगळं कळणं नव्हे. प, ब आणि म ही तिन्ही अक्षरं ओठांवर सारखीच दिसतात. कोणी 'बरं' म्हणालं की 'मरं', हे मला त्या माणसाच्या डोळ्यांवरून ठरवावं लागतं. आणि क, ग, ट, ठ तर दिसतच नाहीत, ते सगळे तोंडाच्या आत होतात. त्या दिवशी डॉक्टर 'गाठ, गाठ' म्हणत होते आणि मला नुसता जबडा उघडताना आणि मिटताना दिसत होता.

मी यांची बाही ओढली. हे म्हणाले, "घरी गेल्यावर सांगतो."

हे वाक्य मी इतक्या वेळा बघितलं आहे की ते अंधारातसुद्धा वाचता येईल. लग्नात, भांडणात, मयताला, दवाखान्यात, सगळीकडे माझ्या वाट्याला घरी गेल्यावरचं बोलणं येतं. तेही चार वाक्यांचं एक करून.

टांग्यात बसल्यावर हे रस्त्याकडे तोंड करून बसले. मी यांची हनुवटी धरली आणि तोंड माझ्याकडे वळवलं. टांगेवाला मागे वळून बघायला लागला, तरी सोडली नाही.

"गळ्यात गाठ हाय," हे हळूहळू, एकेक अक्षर सुटं करून बोलले. आणि स्वतःच्या गळ्यावर बोटानं गोल काढला. "तिच्यामुळंच सगळं व्हतंय. धडधड, थरथर, सगळं. कापून काढायला लागंल."

खरं सांगते, आधी भीती वाटली नाही. आधी हायसं वाटलं. म्हणजे मी आजारी होते. वर्षभर घरात आणि गल्लीत सगळे मला जे म्हणत होते, तशी मी नव्हते.

सगळं कानांवर

आमचं घर सोलापुरात, साखर पेठेच्या बाजूला, एका खोलीचं. हे चादरींच्या मागावर कामाला. मागांच्या खडखडाटात कोणाचंच कोणाला ऐकू जात नाही, त्यामुळे तिथले कामगार तोंड मोठं करून, हातवारे करून बोलतात. म्हणूनच आमचं लग्न टिकलं असं मी गमतीनं म्हणते. यांना माझ्याशी बोलायला वेगळं काही शिकावं लागलं नाही.

मी घरात शिलाई करायची. गल्लीतल्या बायकांची पोलकी, पोरींचे परकर, झबली. मशीन नीट चालतंय की नाही ते मला पायाखालच्या पट्टीवरून कळायचं. मग एका उन्हाळ्यात माझे हात थरथरायला लागले. सुईत दोरा जाईना. काजं वाकडी व्हायला लागली. ऊर इतकं धडधडायचं की पाटावर बसलं तरी आपण धावत आहोत असं वाटायचं. जिवाला एका जागी थारा नाही. भाकरी थापता थापता उठायचं, दारात जायचं, परत यायचं, पाणी प्यायचं, पुन्हा उठायचं. सोलापूरचा उन्हाळा सगळ्यांनाच भाजतो, पण मला माघातही अंगावर पदर सहन होईना.

आणि भूक! दोन माणसांचं खायचे, तरी पोलक्याच्या बाह्या सैल होत चालल्या. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, कपाळावर हात मारून म्हणायच्या, "दुष्काळात सरकारी सुकडी खाऊन टिकलीस, आन् आता घरात जवारी आल्यावर वाळतीस व्हय गं?"

राग तर नाकावर असायचा. एका बाईनं पोलकं घट्ट झालं म्हणून तक्रार केली, तर मी ते उसवून तिच्या अंगावर फेकलं. माझे डोळे मोठे दिसायला लागले होते, त्यामुळे मी साधं बघितलं तरी लोकांना वाटायचं डोळे वटारते. गल्लीतल्या बायका एकमेकींना म्हणायच्या, "बहिरी हाय ना, म्हणून संशय येतो तिला. चिडकी असत्यात अशी माणसं." तोंडावर पदर न घेता म्हणायच्या. त्यांना वाटायचं मला ऐकू येत नाही म्हणजे कळत नाही.

कोपऱ्यावरच्या एका डॉक्टरला दाखवलं. त्यानं नाडी बघितली, पण मान काही बघितली नाही. यांना म्हणाला, "ऐकू येत नाही ना, त्यामुळं मन अस्वस्थ राहतं. टॉनिक देतो." मला हे सगळं दिसलं. मी मनात म्हटलं, अरे बाबा, कान जाऊन वीस वर्षं झाली. त्यांच्यामुळं थरथरायचं असतं तर तेव्हाच नसते का थरथरले?

ज्यांना असा काही उणेपणा आहे त्यांना हे चांगलं माहीत असेल. लंगड्याचं पोट दुखलं तरी लोक पायाकडे बघतात.

शेवटी गाठ दिसली ती आत्याबाईंनाच. मी न्हाऊन केस विंचरत होते. गळ्यालगतची माझी पोत वर चढून बसली होती. त्यांनी ती बोटानं खाली ओढली, ती पुन्हा वर आली. त्या माझ्यासमोर येऊन बसल्या, माझा गळा दोन्ही हातांनी चाचपला आणि लेकाला हाक मारली. त्यांचं तोंड मी बघितलं. एरवी त्या माझ्यावर करवादायच्या, पण त्या वेळी त्यांच्या ओठांवर फक्त "दत्तू, दत्तू" एवढंच होतं.

तोंड न झाकता

ऑपरेशन लगेच करता येत नव्हतं. आधी धडधड खाली आणायची, म्हणून काही आठवडे गोळ्या. शेवटच्या दिवसांत दुधातून घ्यायचे थेंब. तपकिरी रंगाचे, तोंडात गंजका खिळा धरल्यासारखी चव. घरीच होते. हात थोडे कमी थरथरायला लागले होते, पण मन काही बसत नव्हतं.

एके दिवशी संध्याकाळी गावाकडून माझे दीर आले. हे आणि ते दोघं अंगणात बाजेवर बसले. मी चुलीपुढे. दारातून दोघांची तोंडं सरळ दिसत होती. हे आवाज बारीक करून बोलत असणार, कारण मान पुढे काढली होती. आवाज बारीक केला की माझ्यापासून लपलं, असं यांना अजूनही वाटतं.

हे म्हणत होते, "डॉक्टर म्हणाले, आवाजाची शीर तितंच गाठीला चिटकून असती. आवाज जाऊ शकतो."

दीर काहीतरी म्हणाले, पण तेवढ्यात त्यांनी तोंड फिरवलं होतं.

मग हे म्हणाले, "मी म्हणलं, तशी बी ती कुटं बोलती? तर डॉक्टर म्हणाले, मग काळजी न्हाय."

तव्यावर भाकरी करपली. मी उठून बाहेर गेले. दिरांसमोर मी कधी बोलत नसे, डोक्यावरचा पदरही ढळू देत नसे. पण त्या दिवशी यांच्यासमोर उभी राहिले.

"मी बोलत न्हाई असं सांगितलं तुमी?"

हे गडबडले. "बाहेर बोलत न्हाईस ना तू. लोक हसत्यात म्हणून तूच तर…"

ते खरं होतं. लग्नानंतर नवी पेठेत एका कापडाच्या दुकानात मी अस्तराचा भाव विचारला होता. दुकानातली माणसं आधी दचकली आणि मग हसली. माझा आवाज कसा येतो ते मला माहीत नव्हतं, पण त्यांची तोंडं मला दिसली. त्यानंतर घराच्या उंबऱ्याबाहेर मी तोंड उघडलं नव्हतं. घरात मात्र बोलायचे. यांच्याशी, आत्याबाईंशी, आणि सगळ्यात जास्त माझ्या सहा वर्षांच्या लेकीशी, मंगलशी.

"मला सांगायचं तरी," मी म्हणाले.

"तुला भ्या वाटंल म्हणून."

"वाटू द्या की. माझी भीती हाय ती."

आत्याबाई मध्ये आल्या. माझा दंड धरून त्यांनी मला वळवलं, म्हणजे त्यांचं तोंड मला दिसावं म्हणून. "जीव राहिला म्हंजे झालं, पोरी. आवाजाचं काय घिऊन बसलीस? तुला तर ऐकायला बी येत न्हाय."

"मला न्हाई येत," मी म्हणाले. "मंगलला येतं."

मी आत येऊन करपलेली भाकरी तव्यावरून काढली.

मुकी

मंगलला माझ्या माहेरी, मोहोळच्या पुढच्या खेड्यात पाठवलं आणि मी दवाखान्यात दाखल झाले. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. शहरातलाच, मोठा, उंच छताचा.

घरी मला फरशीतून शेजारच्या मागांची थरथर लागायची. तळपायांना ती सवय झाली होती. दवाखान्याची फरशी थंड आणि मेलेली. कोण आलं, कोण गेलं, दार लागलं, काही कळायचं नाही. अचानक मागून दंडाला कापूस लागायचा आणि सुई आत. मी ओरडले की सगळा वॉर्ड वळून बघायचा. मग मी भिंतीला पाठ लावून बसायला लागले, डोळे सारखे दाराकडे. बसवेना म्हणून फेऱ्या मारायचे. आया म्हणायच्या, "ओ मुकीबाई, खाटंवर बसा." दोन दिवसांत मी सगळ्या वॉर्डची मुकी झाले, आणि मीही ते नाव खोडलं नाही.

शेजारच्या खाटेवर अक्कलकोटकडची एक म्हातारी होती, गंगव्वा. तिला मराठी फार येत नव्हतं. ती कानडीत बोलायची आणि मला एक अक्षर वाचता यायचं नाही. पण वॉर्डात बाकी कोणालाही तिचं कळत नव्हतं, त्यामुळे तिथं आम्ही दोघी सारख्याच होतो. हातांनी बोलायचो. मी फेऱ्या मारायला लागले की ती आपल्या उरावर हात ठेवून भरभर हलवून दाखवायची आणि भुवया उडवायची, म्हणजे 'धडधडतंय का?' मी मान हलवली की खाटेवर जागा करायची, शेंगाचटणी लावलेली भाकरी पुढे करायची. माझी भूक तिनं पहिल्याच दिवशी ओळखली होती.

आणि एक सुमन सिस्टर. तरुण होत्या, कामाची घाई. एकदा त्या मागून आल्या आणि माझ्या हाताच्या झटक्यानं त्यांच्या ट्रेमधलं सगळं खाली सांडलं. मला वाटलं आता रागावतील. त्यांनी काचा गोळा करायला आयाला लावलं, माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चुकलं माझं. आता आधी खाट हलवत जाईन." तेव्हापासून त्या खाटेचा दांडा हलवायच्या, मी वळून बघेपर्यंत थांबायच्या आणि मगच हात लावायच्या. एवढीशी गोष्ट. पण त्या दिवसापासून मी भिंत सोडली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मोठे डॉक्टर, तेच मिशीवाले, राउंडला आले. सोबत शिकाऊ डॉक्टर, सिस्टर, आणि दाराशी हे. डॉक्टरांनी माझी मान वर केली, गाठ दाबून बघितली आणि मागच्यांना काही सांगितलं. एका शिकाऊ डॉक्टरचे ओठ मला दिसले. "मुकी-बहिरी आहे," असं तो शेजारच्याला सांगत होता.

डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले.

मी तोंड उघडलं. ऊर असं उडत होतं की गोळ्या, थेंब सगळं फुकट गेलं असं वाटलं.

"डॉक्टरसाहेब, मला बोलता येतं."

सगळे वळले. गंगव्वा उठून बसली. आयाच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. कोणी हसलं का ते मी बघितलं नाही. मी फक्त त्या मिशांकडे बघत होते.

"मला माझा आवाज ऐकू येत न्हाई. पण माझ्या लेकीला येतो. तेवढा राखा."

डॉक्टर परत आले. स्टूल ओढून माझ्यासमोर बसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी हनुवटी वर केली आणि हळू बोलले. "परत बोला बघू. काहीही."

मी बोलले. माझं नाव, गाव, मंगलचं नाव. ते डोळे मिटून ऐकत होते. मग यांच्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही तर म्हणाला होतात की बोलत नाहीत."

यांचं तोंड मी वाचलं नाही. यांनी मान खाली घातली होती.

टेबलावर

आधी मला पूर्ण भूल द्यायची ठरली होती. डॉक्टरांनी बेत बदलला. नुसता गळा बधिर करायचा, मला जागी ठेवायचं आणि मधेमधे बोलायला लावायचं. आवाज बिघडला की हात थांबवायचा. ऐकणाऱ्या रोग्यांच्या बाबतीत हे सोपं असतं. डॉक्टर विचारतात, रोगी उत्तर देतो. पण माझी मान मागे टाकलेली असणार, तोंडावर हिरवं कापड असणार, डॉक्टरांच्या तोंडाला पट्टी असणार. मला 'बोला' हे सांगणार कोण आणि कसं?

"हातावर सांगू," सुमन सिस्टर म्हणाल्या.

त्या दुपारी आम्ही तालीम केली. मी डोळे मिटायचे. त्यांनी तळहातावर बोट टेकलं की बोलायचं. माझी मूठ मिटवली की थांबायचं. अंगठा दाबला की 'सगळं ठीक आहे.' आणि माझ्या बाजूनं, फार दुखलं तर मी त्यांचं मनगट आवळायचं. म्हणून माझा तो हात बांधायचा नाही, हे त्यांनी डॉक्टरांकडून कबूल करून घेतलं. बहिऱ्या माणसाचा हात बांधणं म्हणजे त्याच्या तोंडात बोळा कोंबणं, हे मी सांगण्याआधीच त्यांना सुचलं याचं मला अजून नवल वाटतं.

बोलायचं काय? माझ्या डोक्यात दुसरं काही येईना. "बे एके बे म्हणते," मी सांगितलं. शाळेत म्हटलेलं ते तेवढंच अजून पक्कं होतं.

सकाळी टेबलावर घेतलं तेव्हा डॉक्टरांनी पट्टी खाली ओढली, मला तोंड दाखवलं, "सुरू करतोय" म्हणाले, आणि पट्टी वर केली. मग कापड आलं. सगळं हिरवं झालं. मी आता बहिरी होते आणि आंधळीही. जगात फक्त एक तळहात उरला होता.

गळ्यात सुया टोचल्या, मग दुखणं गेलं, पण ओढणं राहिलं. गळ्यातून कोणी काहीतरी उपसत आहे असं ते ओढणं. पाय सारखे उचलावेसे वाटत होते. पळून जावं, कापड फेकून द्यावं. कोणीतरी गुडघ्यांवर हात ठेवला.

बोट टेकलं. "बे एके बे. बे दुणे चार. बे त्रिक सहा." मूठ मिटली. अंगठा दाबला.

असं कितीतरी वेळा. मला जरा धीर आला.

मग बोट टेकलं, मी म्हणायला लागले, "बे चोक आठ, बे पंचे दहा," आणि बोट पुन्हा टेकलं. मी म्हणतच होते. पुन्हा टेकलं. आता जोरात. मी घशाला ताण देऊन म्हटलं. पुन्हा बोट, पुन्हा बोट. अहो, मी बोलतेय की! का विचारताय? मग लक्षात आलं. मी ओठ हलवत होते, श्वास सोडत होते, पण त्यांना काही ऐकू जात नव्हतं.

गेला, मी मनात म्हटलं. मंगल, गेला गं.

सिस्टरचं मनगट मी आवळलं. दुखत होतं म्हणून नाही. त्यांनी हात काढून घेतला नाही. गळ्यातलं ओढणं एकदम थांबलं. कोणीच काही करत नव्हतं. मग काहीतरी सैल झालं, आत खोल. बोट टेकलं, या वेळी अलगद. मला पाढा आठवेना. कुठं होते? मी नुसतं म्हटलं, "मंगल."

अंगठा दाबला गेला. जरा थांबून पुन्हा एकदा, घट्ट.

बरा आहे, म्हणतात

नंतर डॉक्टरांनी समोर बसून सांगितलं, आणि या वेळी हे माझ्या मागे उभे राहिले, मध्ये नाही. चिमटा लावताना शीर त्यात आली होती. आवाज एकदम बसला, म्हणून लगेच सोडला. शीर तुटली नाही, पण दुखावली आहे. आवाज येईल. पहिल्यासारखा येईल की नाही, ते आता सांगता येत नाही.

काही दिवस बोलायचं नव्हतं. गळ्यात रबरी नळी, मानेला जाड पट्टी, पाण्याचा घोटसुद्धा काचा गिळल्यासारखा. एकदा बोटांना मुंग्या आल्या आणि हात आपोआप आखडायला लागले. मी खाटेचा दांडा जोरजोरात हलवला. सुमन सिस्टर धावत आल्या, कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, अंगभर गरम लाट गेली आणि बोटं सुटली. ती दांडा हलवण्याची खूण नसती तर मी कोणाला आणि कशी हाक मारली असती, हा विचार करायला नको वाटतो.

ज्यांच्या घरात माझ्यासारखं माणूस आहे त्यांना एवढंच सांगते. दवाखान्यात पहिल्याच दिवशी, त्याच्यादेखत, सगळ्यांना सांगा की याला काय येत नाही आणि काय येतं. दुसरं जास्त महत्त्वाचं. त्याची खाट उजेडात मागा. संध्याकाळी वीज गेली की आमची भाषाच जाते. गंगव्वा अशा वेळी आयाकडून कंदील मागून घ्यायची आणि स्वतःच्या तोंडाजवळ धरून माझ्याशी कानडीत बोलायची. मला काही कळायचं नाही. पण उजेडात एक तोंड हलतंय, एवढ्यानं जीव थाऱ्यावर यायचा.

उरातली धडधड मात्र गेली. एका दुपारी लक्षात आलं की मी बराच वेळ एकाच जागी बसले आहे. उठावंसं वाटलं नाही.

बोलायची परवानगी मिळाली तेव्हा मी आधी यांना विचारलं, "कसा येतोय?"

"बरा हाय."

आत्याबाईंना विचारलं. "चांगला हाय की." सिस्टर म्हणाल्या, "छान." सगळ्यांची तोंडं हसरी आणि डोळे दुसरीकडे. बहिऱ्या माणसाला लोक सोपं तेच सांगतात. घरी आल्यावर मी पुन्हा पुन्हा गळ्यावर हात ठेवून बोलून बघायचे. हाताला थरथर लागायची, पण तिच्यावरून आवाज कळत नाही. आजाराची अस्वस्थता गेली होती, तिच्या जागी ही आली. माझ्याजवळ काय उरलंय तेच मला ठाऊक नव्हतं आणि ज्यांना ठाऊक होतं ते सांगत नव्हते.

माहेरी

टाके निघाले, तेव्हा मंगलला आणायला आम्ही एसटीनं गेलो. ती अंगणात पाठमोरी बसून चिंचोके खेळत होती. यांनी तिला हाक मारायला तोंड उघडलं, मी यांचा हात दाबला.

"मंगल," मी म्हणाले.

तिनं मान वर केली. घराच्या दाराकडे बघितलं, गोठ्याकडे बघितलं, आणि पुन्हा चिंचोके उचलले.

मी पुन्हा हाक मारली. आता ती वळली. यांना बघितलं, मला बघितलं, आणि धावत आली. पण माझ्यापुढे येऊन थबकली. माझ्या गळ्यावरच्या लाल वळाकडे बघत राहिली.

"आई, आत्ता तू बोललीस?"

"व्हय."

"पुन्ना बोल."

"काय बोलू? मंगल, माझी मंगल."

ती विचारात पडली. मग म्हणाली, "ह्यो आवाज दुसराच हाय."

हे घाईनं पुढे झाले. "असं म्हणू न्हाई आईला." मी यांना बाजूला केलं आणि तिच्यासमोर उकिडवी बसले.

"कसा हाय? नीट सांग."

तिनं इकडेतिकडे बघितलं आणि पडवीतल्या जात्याकडे बोट केलं. "आजी दळती बघ, तवा पयल्यांदा हळू वढती. पीठ यायच्या आधी. तसा."

ते जातं माझ्या ओळखीचं होतं. कान होते तोवर रोज पहाटे मी त्या घरघरीनंच जागी व्हायचे. आतून, खालून येणारा, जड, खरखरीत आवाज. मला तो जसाच्या तसा आठवला. इतकी वर्षं मनात मी बोलायचे ती नऊ वर्षांच्या पोरीच्या आवाजात. तेवढाच मला ठाऊक होता. मोठ्या बाईचा माझा आवाज कसा आहे ते मला कोणीच कधी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

"वंगाळ हाय का?" मी विचारलं.

मंगलनं मान हलवली. "न्हाय. पर आधीचा बारीक व्हता."

माझ्या आईनं आत बोलावलं, जेवू घातलं. जेवताना मी खूप बोलले. माझा भाऊ, भावजय सगळे बघत होते, तरी बोलले. मंगल मध्येच घास थांबवून ऐकायची, जणू नव्या माणसाची ओळख करून घेत होती.

दुपारच्या गाडीला निघालो. वाट शेताच्या बांधावरून जाते. पुढे मंगल आणि हे, हात धरून, मी मागे सावकाश. दोघांच्या पाठी माझ्याकडे. त्यांचं काय बोलणं चाललंय ते मला दिसत नव्हतं. माझ्या चपलेचा अंगठा तुटला.

"मंगल, थांब गं," मी म्हणाले.

आधी ती वळली. मग हे.